पाँपेई आणि व्हेसुव्हिअस : अडीच तासांची भेट

पाँपेई नगरीचा नाश व्हावयास अठरा-वीस तास लागले. ती राखेखालून उकरून काढण्याचे काम गेली पावणेतीनशे वर्षे चालले आहे आणि तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा अजून जमिनीखालीच आहे. ती पाहावयास आम्हाला देण्यात आले होते अडीच तास. त्यानंतर जेवण, जेवणानंतर व्हेसुव्हिअस पर्वत, आणि सहाच्या आत नेपल्सला परत, असा २०२३ सालच्या मे महिन्यातील त्या दिवसाचा बेत सहलवाल्यांनी छापील कागदावर आखून दिला होता.

अशा सहलींची थट्टा करण्याची विद्वानांत चाल आहे. छत्री उंच धरून पुढे चालणारा वाटाड्या, त्याच्यामागे कानांत यंत्रे खुपसलेली पस्तीस-चाळीस माणसे, आणि त्यांना घड्याळ दाखवीत हाकणारा आपल्याकडचा एक तरुण व्यवस्थापक. देखावा हसण्याजोगा असतो हे आम्ही नाकारीत नाही. आमची तुकडी तर सगळी मराठी मुलखातली. कोल्हापूर, नागपूर, नाशिक, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या उमरग्याकडच्या एक वयस्क बाई, ज्यांना पहिल्या दिवसापासून सगळे मावशीच म्हणू लागले होते. आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्याचे कळल्यापासून त्या आम्हाला ‘गुरुजी’ म्हणत, आणि वाटाड्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी की खोटी ते आम्हाला हळूच विचारीत. ही जबाबदारी आम्हाला वाटली त्याहून जड निघाली. तिच्यापायीच हे व्याख्यान झाले म्हणावयास हरकत नाही.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे, कारण पाँपेईचा इतिहास दोन पदरी आहे. एक, नगरी गाडली गेली त्याचा. दुसरा, ती लोकांना कशी दाखविण्यात आली त्याचा. दुसरा पदर सहसा कोणी उलगडीत नाही.

इ. स. १७३८ मध्ये नेपल्सचा बूर्बाँ राजा चार्ल्स याने हर्क्युलेनियम येथे आणि १७४८ मध्ये पाँपेई येथे खोदकाम सुरू करविले ते ज्ञानाकरिता नव्हे, आपला वाडा सजविण्याकरिता. कैद्यांना भुयारांत उतरवून पुतळे वर काढावयाचे, भिंतींवरची उत्तम चित्रे कापून न्यावयाची, आणि उरलेली दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून काही ठिकाणी चक्क फोडून टाकावयाची, असा तो कारभार होता. आपण खणतो आहो ते गाव कोणते हेही पहिली पंधरा वर्षे कोणास नक्की ठाऊक नव्हते. १७६३ मध्ये एक शिलालेख सापडला तेव्हा पाँपेई हे नाव निश्चित झाले. राजाच्या संग्रहात जावयास परवाना लागे आणि आत गेल्यावर टिपण किंवा रेखाटन करावयास बंदी असे. उलट बडे पाहुणे आले की त्यांच्यासाठी खास ‘शोध’ लागत. आधी सापडलेल्या वस्तू पुन्हा मातीत पुरून ठेवावयाच्या आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर काढावयाच्या! १७६९ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ आला त्या वेळी हाच प्रयोग झाल्याचा संशय खुद्द त्या सम्राटालाच आला होता. सहलीकरिता इतिहासाची मांडामांड करण्याची रीत ही अशी जुनी आहे. तिचे खापर आजच्या वाटाड्यांवर फोडण्यात अर्थ नाही.

१७८७ च्या मार्चमध्ये जर्मन कवी गटे तेथे येऊन गेला. जगात अनर्थ पुष्कळ झाले, परंतु पुढच्या पिढ्यांना एवढा आनंद देणारा अनर्थ विरळा, अशा अर्थाचे वाक्य त्याने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले आहे. तरुणपणी हे वाक्य आम्हास फार चतुर वाटे.

नगरी सामान्य माणसाला खुली केली ती जूझेप्पे फिओरेल्ली या संशोधकाने. इटलीचे एकीकरण झाल्यानंतर १८६० च्या दशकात तेथील उत्खननाची सूत्रे त्याच्या हाती आली. रस्त्याच्या बाजूने घरात भोक पाडून वस्तू ओढून काढण्याची पद्धत बंद करून त्याने वरून खाली, थर काढीत जाण्याची शिस्त घातली. गावाचे विभाग पाडले, विभागांचे चौक, चौकांतील प्रत्येक दाराला क्रमांक दिला. आजही पाँपेईतील घराचा पत्ता याच तीन आकड्यांनी सांगतात. आणि दाराशी तिकीट ठेवले. राजाचा परवाना जाऊन त्या जागी तिकीट आले, ही आमच्या मते लहान गोष्ट नव्हे. चार पैसे टाकील त्याला इतिहास पाहण्याचा अधिकार मिळाला. पुढे इंग्लंडातून टॉमस कुकच्या सहलींचे तांडे इटलीत उतरू लागले. आमची छत्रीवाली मिरवणूक त्यांचीच वारस.

आता गावात शिरू. समुद्राच्या बाजूच्या वेशीतून चढण चढून आत गेले की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो रस्ता. मोठमोठ्या काळ्या फरसबंद शिळा. हा दगड व्हेसुव्हिअसच्याच जुन्या लाव्ह्याचा. आम्हा दख्खनच्या लोकांना काळ्या दगडाचे अप्रूप नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे वाहिलेल्या लाव्ह्यावर आपण घरे बांधतो, लेणी कोरतो, किल्ले उभारतो. पाँपेईच्या शिळांत मात्र गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. रस्ते दोन्ही बाजूंच्या पदपथांपेक्षा बरेच खोल, कारण त्यांतूनच सांडपाणी वाहत असे. म्हणून पलीकडे जावयास मध्ये उंच धोंडे बसविलेले, आणि त्यांच्यामधून गाडीची चाके जातील एवढी जागा सोडलेली. पुस्तकात वाचलेले ‘रोमन साम्राज्य’ एका बाजूला, आणि सांडपाण्यात पाय बुडू नये म्हणून धोंड्यावरून उडी मारणारा मनुष्य एका बाजूला. दुसरा आम्हाला अधिक ओळखीचा वाटला.

भिंती तर बोलक्याच आहेत. निवडणुकीच्या जाहिराती हजारोंनी सापडल्या. अमक्याला अधिकारी निवडा, तो लायक आहे. फळवाल्यांचा त्याला पाठिंबा आहे, सोनारांचा आहे. एका उमेदवाराला तर गावातील भुरटे चोर, रात्री उशिरापर्यंत पिणारे आणि झोपाळू यांचा पाठिंबा असल्याचे रंगविले आहे. ही कामगिरी विरोधकांची असावी. भिंती रंगविणारे रात्री काम करीत. एकाने तर चांदण्यात, एकट्याने रंगविले, असे नावानिशी लिहून ठेवले आहे. वाटाड्याने हे सांगितले तेव्हा आमची सारी तुकडी एकदम खूष झाली. निवडणुकीची रंगलेली भिंत कोणी पाहिली नाही?

ज्या रस्त्यावर आम्ही हे पाहत होतो त्याचे आजचे नाव ‘विपुलतेचा रस्ता’. याच रस्त्याकाठच्या एका घरात १९३८ साली अमेदेओ मायूरी या उत्खननप्रमुखाला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ते घर दाखवाल का, असे आम्ही वाटाड्याला विचारले. “तुमच्या कार्यक्रमात ते नाही,” असे तो सौजन्याने म्हणाला. आणि मूर्तीही येथे नाही, नेपल्सच्या संग्रहालयात आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी, बाकीची मंडळी खरेदीला गेली असता, आम्ही मावशींना घेऊन संग्रहालय गाठले. मूर्ती जेमतेम वीतभर उंच. अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, दागिने मात्र भरगच्च. हातभर बांगड्या, पायांत जड वाळे, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी. उभे भोक आरपार पाडलेले असल्यामुळे ती एखाद्या आसनाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी असा तर्क आहे. प्रथम तिला लक्ष्मी म्हणत. आता यक्षी म्हणण्याकडे पुष्कळांचा कल आहे. इ. स. ७९ च्या आधीच ती भारतातून तेथे पोचली होती, एवढे मात्र राखेनेच सिद्ध करून ठेवले आहे.

ती घडली कोठे? तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील खूण असल्यामुळे काहींनी वायव्येकडे बोट दाखविले. परंतु जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ च्या सुमारास उत्खनन झाले तेव्हा याच धाटणीच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग सापडला, आणि तेर येथेही या मूर्तीची बहीण शोभेल अशी एक मूर्ती मिळालेली आहे. तेव्हा ती सातवाहनांच्या मुलखातील कारागिराच्या हातची असावी हा पक्ष आज बळकट आहे. आम्ही हे सांगत होतो तोच मावशींनी अडविले.

“तेर म्हणजे? गोरोबाकाकांचं तेर?”

“तेच.”

“आमच्याच जिल्ह्यातलं की हो ते! ही बाई आमच्याकडची म्हणा की.” आणि काचेवर बोटे टेकून त्या बराच वेळ त्या मूर्तीकडे पाहत राहिल्या.

पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या सागरी मार्गाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असे सांगितले असून तेथून गाड्या भरभरून कापड भडोचला येई असे म्हटले आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती आणि रोमन घाटाची काशाची भांडी याच व्यापाराच्या उलट्या फेरीतली. हा व्यापार रोमला महाग पडतो, दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थान गिळून बसतो, अशी तक्रार ज्या रोमन पंडिताने लिहून ठेवली तो थोरला प्लिनी. व्हेसुव्हिअसच्या स्फोटात मेलेल्यांपैकी ज्याच्या अखेरच्या दिवसाची हकीकत आपल्याला तपशीलवार ठाऊक आहे, तो हाच. त्याच्याकडे पुढे येऊच.

परत आदल्या दिवशीच्या फेरफटक्याकडे वळतो. नगरचौकाच्या कडेला जुन्या धान्यबाजाराची लांबट इमारत आहे. तिला आता जाळीची दारे लावली असून आत घडे, रांजण, खांबांचे तुकडे यांच्या मांडण्यांमध्ये काही मनुष्याकृती ठेवल्या आहेत. एक गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तोंडावर हात धरलेले.

पुष्कळांची समजूत अशी की ही माणसे दगड झाली. तसे नाही. राखेच्या लोटांत ती सापडली, वर राख थिजून घट्ट झाली; आतले शरीर काळाने नाहीसे झाले आणि त्याच्या आकाराची पोकळी उरली. १८६३ मध्ये फिओरेल्लीने त्या पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतविले, ते घट्ट झाल्यावर भोवतालची राख खरवडून काढविली, आणि मरणक्षणीचा मनुष्य, अंगरख्याच्या घड्यांसकट, समोर उभा राहिला. हाडे त्या प्लास्टरच्या आतच आहेत. म्हणजे ही प्रतिमा आहे आणि प्रेतही आहे.

आमच्या वाटाड्याने आपल्या फायलीतून एक चित्र काढले. मोठ्या सोन्याच्या कंकणावरून ज्या घराला नाव पडले आहे तेथे जिन्याखाली सापडलेले एक मोठे माणूस व त्याच्या अंगावरचे मूल. “आई आणि तिचे बाळ,” तो म्हणाला. दोघे जवळच सापडलेले, तो बाप आणि दुसरे मूल. तुकडीतले फोटो काढणे क्षणभर थांबले. मावशी डोळ्यांना पदर लावून होत्या. मग व्यवस्थापकाने घड्याळ दाखविले, मंडळी पुन्हा जाळीशी रेटारेटी करून फोटो घेऊ लागली, आणि मावशी आमच्याजवळ येऊन म्हणाल्या, “गुरुजी, ह्यांना कुणी विचारलं का हो, असं बघू का म्हणून?”

आम्ही काहीतरी विद्वत्तेचे बोललो असू. तेव्हा त्यांनी सांगितले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गाव झोपले असता, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवकडची पन्नासावर गावे भुईसपाट झाली. दहा हजारांच्या घरात माणसे गेली. घरे काळ्या दगडाच्या जाड भिंतींची, मातीत बांधलेली, माथ्यावर मातीचे जड धाबे. ती झोपलेल्या माणसांवरच बसली. मावशींचे माहेर त्या गावांपैकी एक. “चौथ्या दिवसापासून गाड्या यायला लागल्या, गुरुजी. मदतीच्या निराळ्या. नुसतं बघायला आलेल्या. लेकरंबाळं घेऊन. आम्ही ढिगाऱ्यावर बसलेलो आणि ते आमच्याकडं बघायचे. एकीनं तर खालचा तांब्या उचलून बघितला आणि परत ठिवला. माझ्या आईचा होता.”

गटेचे वाक्य त्या क्षणी आम्हास आठवले, आणि ते इतकी वर्षे चतुर का वाटत होते याचे नवल वाटले.

त्या चित्राची पुढची हकीकत सांगितलीच पाहिजे. २०२४ च्या नोव्हेंबरात काही प्लास्टरप्रतिमांतील हाडांच्या आनुवंशिक तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंकणाच्या घरातली ती ‘आई’ पुरुष निघाली. त्या मुलाशी तिचे, म्हणजे त्याचे, रक्ताचे नाते नव्हते. दुसऱ्या एका घरात मिठी मारून मेलेल्या ज्या दोघी, बहिणी किंवा मायलेकी म्हणून दाखविल्या जात, त्यांतला निदान एक पुरुष होता. दीडशे वर्षांपूर्वीही असेच झाले होते. वेशीवरच्या एका कोनाड्यात सापडलेला सांगाडा हा पहारा न सोडता उभ्याने मेलेल्या रोमन शिपायाचा, अशी कथा पसरली. तिच्यावर १८६५ मध्ये एका इंग्रज चित्रकाराने चित्र काढले, मार्क ट्वेनसारख्या टवाळ लेखकानेही त्या शिपायाचे गोडवे गाईले. तो कोनाडा पहाऱ्याचा नसून कोणाचे तरी थडगे होते! ग्लॅडिएटरांच्या निवासातील एका खोलीत दागिने घातलेली एक स्त्री सापडली, तिच्याविषयी प्रियकराला भेटावयास आलेल्या श्रीमंत बाईची कथा रचली गेली. त्याच खोलीत आणखी पुष्कळ माणसे सापडली होती हे सांगणारे विसरतात. आसऱ्याला शिरलेला घोळका तो. प्रत्येक काळाने आपल्याला हवा तो मेलेला मनुष्य पाँपेईतून उचलला. राणीच्या इंग्लंडला आज्ञाधारक शिपाई हवा होता, आम्हाला आई हवी होती.

ही बातमी वाचली तेव्हा आम्ही मावशींना उमरग्याला फोन केला. त्यांनी आम्हाला खरेखोटे विचारले होते. उत्तर देणे लागत होतो. ती आई नव्हती, तो पुरुषमाणूस होता आणि मुलाचा कोणी नव्हता, असे आम्ही सांगितले. थोडा वेळ तिकडून आवाज नाही. मग म्हणाल्या, “कुणी नव्हता असं कसं म्हणता? आमच्याकडं बी त्या पहाटं ज्याच्या हाताला जे लेकरू लागलं ते त्यानं उचललं. कुणाचं ते कुणी बघितलं?”

आम्ही ते पुष्कळ दिवस मनात घोळवीत होतो. वाटाड्याची कथा खोटी होती, शास्त्रज्ञांचा निष्कर्ष खरा; परंतु त्या निष्कर्षाचे वाचन आम्हाला आले नव्हते, ते किल्लारीच्या बाईला आले.

न दाखविलेल्या गोष्टींचीही नोंद केली पाहिजे. आम्ही परतल्यावर त्याच वर्षी डिसेंबरात नगरीच्या नवव्या विभागात एक भटारखाना उजेडात आल्याचे जाहीर झाले. चिंचोळी अंधारी जागा, लोखंडी गज लावलेल्या लहान खिडक्या, बाहेर पडावयास रस्ता नाही. तेथे गुलाम आणि गाढवे यांना कोंडून दळण करवून घेत. जात्याभोवती फिरणाऱ्या जनावराचे पाऊल कोठे पडावे यासाठी फरशीत खुणा कोरल्या आहेत. आम्हाला मॉडेस्टस नावाने ओळखली जाणारी भट्टी दाखविली होती, जिच्यात १८६२ मध्ये करपलेल्या ८१ पावरोट्या जशाच्या तशा मिळाल्या. सर्वांनी कौतुक केले. पीठ कोणी दळले हा प्रश्न आमच्या तुकडीत कोणी विचारला नाही. आम्हीही नाही.

जेवणाविषयी लिहिण्याजोगे काही नाही. दुपारी बस डोंगराकडे निघाली.

व्हेसुव्हिअस हा ज्वालामुखी आहे याची पाँपेईकरांना कल्पना नव्हती. उतारावर द्राक्षांचे मळे होते. इ. स. पूर्व ७३ मध्ये बंडखोर गुलाम स्पार्टाकस याच डोंगरावर लपला होता. भूगोलकार स्ट्रेबोने तेथील जळके दगड पाहून पूर्वी कधी आग असावी असे नोंदविले होते, पण ते पुस्तकात राहिले. इ. स. ६२ च्या सुमारास मोठा भूकंप झाला. सेनेकाने लिहिले आहे की त्यात सहाशे मेंढरांचा कळप मेला. पाँपेईकरांनी पडलेल्या भिंती पुन्हा उभारावयास घेतल्या. सतरा वर्षांनी स्फोट झाला तेव्हाही गावात डागडुजी चालूच होती. म्हणजे घर पडले तर बांधावयाचे, जागा सोडावयाची नाही.

स्फोटाचा दिवस परंपरेने २४ ऑगस्ट ७९ मानीत. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची तारीख सापडल्यापासून तो ऑक्टोबरच्या अखेरीस झाला असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. कोळशाचे अक्षर फार दिवस टिकत नाही, हे त्यांचे म्हणणे. आखातापलीकडे मिसेनम येथे रोमन आरमाराचा प्रमुख थोरला प्लिनी होता. दुपारी एकच्या सुमारास डोंगराकडे एक विलक्षण ढग दिसला. खाली सरळ खोड आणि माथ्यावर पसरलेल्या फांद्या, अशा इटालियन पाइन वृक्षासारखा. प्लिनी प्रथम कुतूहलाने निघाला. तोच किनाऱ्यावरच्या एका बाईची मदतीची चिठ्ठी आली, तेव्हा कुतूहलाची मोहीम त्याने सुटकेची केली आणि मोठी जहाजे पाण्यात लोटली. डेकवर राख व जळके दगड पडू लागले तरी तो परतला नाही. वाऱ्याने स्टेबिएला नेले. तेथे त्याने स्नान केले, जेवला, आणि इतरांना धीर यावा म्हणून की काय, झोपला. बाहेरच्यांना त्याचे घोरणे ऐकू येत होते. पहाटे मंडळी डोक्यांना उशा बांधून किनाऱ्यावर आली. तेथेच तो कोसळला.

त्याचा सतरा वर्षांचा भाचा घरी अभ्यास करीत बसला होता. मामाने बरोबर चल म्हटले असता त्याने पुस्तक सोडले नाही, आणि त्यामुळे तो वाचला. पंचवीसहून अधिक वर्षांनी इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांत त्याने हे सर्व सांगितले आहे. या पत्रांवाचून आपल्याला त्या दिवसाची घडी लावता आली नसती. परंतु त्यांत पाँपेईचे नाव नाही. हर्क्युलेनियमचेही नाही. हजारो माणसे मेली, आणि डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या लेखणीत राहिला तो मामा.

पाँपेईवर दुपारपासून हलक्या सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत होता. वारा नेमका त्या दिशेचा. छपरे ओझ्याने खचली. या वेळात जे निघाले ते बहुतेक सुटले. थांबले त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेली राख व वायू यांचे लोट जमिनीलगत धावून आले, त्यांपुढे धावणे शक्यच नव्हते. आजवर पाँपेईत सुमारे अकराशे-साडेअकराशे माणसांचे अवशेष मिळाले आहेत. वस्ती दहा-बारा हजारांची असावी. म्हणजे पुष्कळसे गाव वाचले. सम्राट टायटसने नुकसानीच्या पाहणीला अधिकारी नेमले आणि निर्वंश झालेल्यांची मालमत्ता पुनर्वसनाला लावली. काही लोक परत येऊन राखेतून वर आलेल्या मजल्यांत राहू लागले होते, असेही अलीकडच्या खोदकामातून दिसू लागले आहे.

बस हजार मीटरपर्यंत जाते. पुढे भुसभुशीत खडीची वाट पायी चढावयाची. येथे १८८० मध्ये दोरीवर ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली आणि तिच्यावर रचलेले ‘फुनिकुली फुनिकुला’ हे गाणे साऱ्या जगात गेले. पुढे ती रेल्वे कुक कंपनीने विकत घेतली, तेव्हा पर्वतावर माणसे खुर्च्यांतून वाहून नेणाऱ्या स्थानिक वाटाड्यांनी तिची नासधूस केली असे सांगतात. त्यांचा राग आम्हाला समजतो. ती रेल्वे अखेर डोंगरानेच नेली, १९४४ च्या मार्चमध्ये. महायुद्ध चालू होते. आदल्याच वर्षी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी पाँपेईच्या अवशेषांवर दीडशेहून अधिक बाँब टाकले होते. आता डोंगराने सान सेबास्तिआनो गाव लाव्ह्याखाली घातले आणि पायथ्याच्या विमानतळावरील ऐंशीच्या आसपास अमेरिकन विमाने राखेने निकामी केली. तेव्हापासून व्हेसुव्हिअस निजला आहे. १६३१ मध्ये जागा झाला त्यापूर्वीही तो पुष्कळ काळ असाच निजला होता, आणि त्या वेळी तीन हजारांहून अधिक माणसे गेली.

काठावर पोचलो. आत डोकावले तर एक प्रचंड राखाडी कढई. आग नाही, लाव्हा नाही, एका कडेच्या भेगेतून वाफेची बारीक रेघ. नाशिकच्या एका गृहस्थांनी “एवढंच?” असे म्हटले. मावशी चढून आल्या होत्या, दम खात एका दगडावर बसल्या, आणि त्यांनी विवराकडे पाठ करून खाली पाहिले. आखातापर्यंत घरेच घरे. या सर्वांत धोकादायक पट्ट्यात आज सुमारे सात लाख लोक राहतात. धोक्याची सूचना मिळताच ७२ तासांत त्यांना हलवावयाचे, आणि प्रत्येक गावाला इटलीतील एकेक दूरचा प्रांत आसऱ्याकरिता नेमून दिलेला, अशी सरकारी योजना आहे. पर्वतावर १८४१ पासून वेधशाळा आहे, ज्वालामुखीवरची ती जगातली पहिली.

“ह्या पोराचं घर कुठं?” मावशींनी वाटाड्याकडे बोट करून विचारले. आम्ही दुभाष्याचे काम केले. तो टोरे देल ग्रेकोचा. उतरताना बसमधून त्याने ते गाव दाखविले. १७९४ मध्ये लाव्ह्याची धार या गावातून समुद्रात गेली. राजाने दुसरीकडे वसा म्हटले, लोकांनी ऐकले नाही. थिजलेल्या लाव्ह्यावरच पुन्हा गाव बांधले. चर्चचा जुना घंटाघराचा मनोरा खालून अर्धा बुडालेला आहे, तो तसाच ठेवून शेजारी नवे चर्च उभारले.

“सूचना आली तर जाशील का?”

“मी जाईन,” तो म्हणाला. “आई म्हणते, येणार नाही.”

आम्ही भाषांतर करण्यापूर्वीच मावशींनी मान हलविली. त्यांच्या माहेरचे गाव सरकारने चार मैलांवर, सरळ आखलेल्या रस्त्यांवर, नवे बांधून दिले होते. तरी त्यांची आई पुढे कित्येक वर्षे रोज दुपारी चालत जुन्या ढिगाऱ्यापाशी जाऊन बसत असे. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढून त्या मुलाच्या हाती दिला, आणि आईला दे म्हणून सांग, असे आम्हाला म्हणाल्या. बस नेपल्सला पोचली तेव्हा सहाला दहा मिनिटे कमी होती.